बांगड्या ऐकू येईनात

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. घाटकोपरला चौथ्या मजल्यावरच्या एका घरात कपाटाच्या डाव्या बाजूला उभा असतो. उजव्या बाजूला माझा जुळा भाऊ. तो स्वभावाने थंड. मला मात्र क्षणभर स्वस्थ बसवत नाही. थरथरणं हाच ज्याचा धंदा, त्याने स्वस्थ बसायचं तरी कसं?

आम्ही दुकानातून तयार आलेलो नाही. भीमराज तेव्हा भांडुपच्या एका कारखान्यात वायरमन होते. त्यांनी लॅमिंग्टन रोडवर चपला झिजवून सुटे भाग जमवले. खालचा मोठा स्पीकर जाड आवाजासाठी, वरचा छोटा ट्वीटर बारीक आवाजासाठी. शेजारचे दत्ताराम मिल बंद पडल्यावर सुतारकाम करायचे, त्यांनी प्लायवूडच्या पेट्या ठोकल्या. मग भीमराज आमच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर शोधायला निघाले. मुलीची सोयरीक जमवावी तशा त्यांच्या चौकशा. ओहम किती, खरे वॅट किती, फार गरम होतो का? दुकानदार पार कंटाळला. शेवटी मनासारखा मिळाला, तेव्हा भीमराजांनी आमच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं : आठ ओहम, साठ वॅट.

आमच्यातून पहिल्यांदा वाजला तो पाळणा. भीमराजांच्या पत्नी सुंदराबाई यांनी लेकाच्या, प्रितमच्या बारशाला स्वतः जुळवून म्हटलेला. भीमराजांनी तो टेपवर घेतला होता. सुंदराबाई पाळण्याच्या कडेवर हाताने ताल धरायच्या, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांच्या काचेच्या बांगड्या किणकिणत. ती किणकिण आमच्या ट्वीटरची. खालच्याला ती कधी जमली नाही, उगाच कशाला खोटं बोलू!

चार वर्षांपूर्वी सुंदराबाई गेल्या. प्रितमने ती कॅसेट मोबाईलवर उतरवून घेतली आणि वडिलांना लावायला शिकवली. तेव्हापासून रोज चार वाजता चहा आणि पाळणा. भीमराज डोळे मिटून बसायचे. बांगड्या वाजल्या की पुटपुटायचे, "आली." एवढंच. त्या एका शब्दासाठी मी दिवसभर तळमळत असायचो.

मग आमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर जळाला. प्रितम गुणी पोरगा. वडिलांच्या पेट्या जळू नयेत म्हणून त्याने मुद्दाम छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणला. वर पाचशे वॅटचा स्टिकर, आत वीस वॅटसुद्धा असतील की नाही देव जाणे. भीमराजांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं. ट्रान्सफॉर्मरचं वजनच लागेना. त्यांच्या कपाळावर आठी आली, पण लेकाने हौसेने आणलंय म्हणून ते गप्प बसले. मी तेव्हाच ओरडलो असतो. पण मित्रांनो, आम्हाला दुसऱ्याचंच बोलता येतं, स्वतःचं नाही.

मे महिन्यात प्रितमच्या मित्राची हळद होती, गच्चीवर. आम्हाला उचलून वर नेलं. आवाज कमी पडतोय म्हणून प्रितमने बटण शेवटपर्यंत फिरवलं. लहान अ‍ॅम्प्लिफायरला ताकदीबाहेर ओरडायला लावलं की त्याचा आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजाची सगळी धग बिचाऱ्या ट्वीटरला सोसावी लागते. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने जळतील म्हणून जपलं, आणि छोट्यानेच जाळलं. दोन गाण्यांत माझा ट्वीटर गेला, तिसऱ्यात भावाचा. लोक नाचत होते. कुणाला पत्ताही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पाळणा लागला. सुंदराबाईंचा आवाज आला, पण घोंगडीखालून आल्यासारखा. ओळ संपली. भीमराज थांबले. पुढची ओळही संपली. "बांगड्या ऐकू येत नाहीत," ते म्हणाले. प्रितम म्हणाला, गाणं तर नीट वाजतंय, पप्पा. त्याने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात बारीक आवाज थोडे कमी होतातच. झालं! सगळ्यांनी मान हलवली आणि भीमराजांनाही ते पटलं.

मित्रांनो, त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. भीमराजांनी पाळणा लावणं सोडलं. हळूहळू फोनवर बोलणंही सोडलं. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, मला ऐकू येत नाही, मला नका विचारू. अहो, तुमचे कान ठणठणीत आहेत, मुका मी झालोय! हे सांगू कसं?

एका दुपारी सून किरण स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. सासरे जेवायला उठत नाहीत म्हणून तिनेच पाळणा लावला होता. भीमराज भिंतीकडे तोंड करून बसलेले. एकदम ते वळले.

"किरण, तुझ्या बांगड्या ऐकू येतायत मला."

ती पिठाच्या हातांनी दारात आली.

"तुझ्या येतात, मग तिच्या का नाही येत?"

किरणने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात न धुताच तिने दत्तारामांना फोन लावला.

दत्ताराम स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. वय झालंय, पण स्वतः ठोकलेली पेटी उघडायला त्यांना दोन मिनिटं पुरली. ट्वीटरची तार काळी पडलेली होती. "भीमा, तुझे कान बरे आसत. ह्या पेटयेचा वरचा तोंड बंद पडलाहा," ते म्हणाले. भीमराज मोठ्याने हसले आणि मग डोळे पुसत बसले.

संध्याकाळी प्रितम घरी आला, तेव्हा भीमराजांनी त्याला जळालेला ट्वीटर दाखवून सांगितलं की छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या फाटक्या आवाजानेच तो जळला. खाली मान घालून म्हणाला, "जपायलाच छोटा आणला होता, पप्पा."

"जपलंस रे. पण तू विचारलं नाहीस, आणि मी बोललो नाही."

पुढच्या शनिवारी बापलेक दोघे मिळून गेले. नवे ट्वीटर आणले, आणि पाठीवरची पेन्सिल वाचून, खरे वॅट विचारून अ‍ॅम्प्लिफायर आणला. या वेळीही दुकानदार कंटाळला म्हणे.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण नुसत्या मायेने जपू नका. आमच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. आणि घरातलं म्हातारं माणूस ऐकू येत नाही म्हणालं, तर त्याच्या कानांना दोष देण्याआधी एकदा आमचं तोंड तपासा.

काल चार वाजता पाळणा लागला. ओळ संपली आणि बांगड्या किणकिणल्या. आत पीठ मळणाऱ्या किरणने दचकून आधी आपल्याच मनगटांकडे पाहिलं. भीमराजांनी डोळे मिटूनच बाहेरून सांगितलं,

"तू नव्हे गं. तुझी सासू आली."