पुठ्ठ्यावरचं पान

ते वर्ष एकोणीसशे एकाहत्तर. मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी आमच्या मोरीची नळी फुटली आणि परसातली भिंतीलगतची जमीन कमरेइतकी खणावी लागली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायचे. धाकटी बहीण वीस वर्षांची, परगावी शेतकी कॉलेजात. आईला जाऊन अठरा वर्षं झाली होती. घरात बाबा आणि मी, दोघंच.

बाबा पुस्तकबांधणी करायचे. पुढच्या खोलीत त्यांचा लोखंडी दाब, खळीचं भांडं, पुठ्ठ्यांची चळत. माणूस कामाला चोख आणि बोलायला कमी. फक्त धाकटीचा विषय निघाला की त्यांची कळी खुलायची. तिला ते पंडित म्हणायचे. मला ताई म्हणायचे, कारण धाकटी म्हणायची म्हणून.

नळी दुरुस्त झाली, माती परत लोटली, आणि महिन्याभरात तिथे आम्ही न पेरलेली रोपं वर आली. चांगली सात. सुरुवातीला दोन-दोन पानं, कशाचीही असतील अशी. मी येता-जाता तांब्याभर पाणी घालू लागले.

शेजारच्या शिंपीणकाकू भिंतीवरून डोकावल्या. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या.

"वांगी आहेत गं," त्या टाचण्या न काढताच म्हणाल्या.

"तंबाखू वाटते," बाबा म्हणाले.

"तंबाखू? मग तर बरंच झालं, आमच्या ह्यांना भिंतीवरूनच देत जा."

रोपं वीतभर झाली, पानं बदामासारखी पसरली, तशी मी एक पान बोटांत धरलं. अंगावर बारीक लव, मखमलीसारखी. आणि मला एकदम आई दिसली. याच भिंतीशी उकिडवी बसलेली. कागदी पिशवीसारखं फळाचं फुगीर कवच हातात घेऊन तिनं ते माझ्या कपाळावर फट्टकन फोडलं होतं, आणि आतलं पिवळं गोळीएवढं फळ माझ्या तोंडात घातलं होतं.

"बाबा, ही रसभरी आहे," मी जेवताना सांगितलं. "आईनं लावली होती. इथेच."

बाबांनी घास थांबवला. "तिनं कधी लावली? मला नाही आठवत."

"मी होते ना तिच्याजवळ."

"तू एवढीशी होतीस. मुलांना काहीही आठवतं." मग पाणी पिऊन म्हणाले, "पंडितला पान पाठवू. ती सांगेल."

झालं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आई गेली तेव्हा धाकटी दोन वर्षांची. तिला आईचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. आईबद्दल माझ्याकडे जे होतं ते तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आणि तरी आईच्या झाडाचं नाव तिला विचारायचं! मी बाबांचा डबा भरते, चष्मा शोधते, औषध घेतलं का विचारते. माझ्या शब्दाला किंमत काय, तर मुलांना काहीही आठवतं.

बाबांनी एक पान खुडलं, टीपकागदात घातलं आणि लोखंडी दाबाखाली ठेवलं. दोन दिवस वाळल्यावर ते पुठ्ठ्यावर चिकटवून पाठवायचं ठरलं. त्या दोन दिवसांत माझं डोकं काही थाऱ्यावर नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर धोतरा माजलेला असायचा. त्याचं एक कोवळं, लहानसं पान मी रुमालात घालून आणलं. बाबा गिऱ्हाइकाकडे वह्या पोचवायला गेले होते. मी दाबाचं चाक सैल केलं, पहिलं पान काढून चुलीत टाकलं आणि धोतऱ्याचं तिथे ठेवलं. रोज दीडशे केसपेपर लिहायचे मी, एकाचा कागद दुसऱ्याच्या नावावर कधी गेला नव्हता. पण या वेळी मुद्दाम केलं, हे खरं सांगते.

माझा हिशेब सरळ होता. धाकटी लिहिणार, धोतरा. आणि महिन्याभरात झाडाला रसभरी लागणार. तेव्हाच खाली वाकून पाहिलं तर पानांआड हिरवे, बोटाच्या पेराएवढे कवचांचे कंदील लोंबत होते. मी कुणाला दाखवले नाहीत. पिकू देत म्हटलं. मग बाबा म्हणतील, ताईचं खरं होतं. एवढंच हवं होतं मला. एकदा त्यांच्या तोंडून.

पान टपालानं गेल्यावर आठव्या दिवशी धाकटीचं पत्र आलं असावं. मी कामावर होते. चार वाजता घरी आले तर बाबा मोरीशी बसून साबणानं हात धूत होते.

"तिसऱ्यांदा धुतोय," ते म्हणाले. "धोतरा निघाला. विषारी. पंडितनं लिहिलंय, शंकाच नाही, शिंपीणबाईंच्या नाती येतात तर आधी उपटा म्हणून."

मी परसात गेले. भिंतीलगत सात खड्डे. एका कोपऱ्यात रोपांचा ढीग, मुळं वर, पानं माना टाकलेली. कंदील तसेच लटकत होते. बाबांनी ते पाहिलेही नसतील. एकदा विष म्हटल्यावर कोण निरखून बघतं? धाकटीच्या चार ओळी आल्यावर बाबा महिनाभर थांबतील, असं मी धरून चालले होते. ज्या गोष्टीचा मला इतका जळफळाट, तीच मी विसरले: तिचा शब्द ते एक तासही खाली पडू देत नव्हते.

"ताई, तू का गं रडतेस?" बाबांनी विचारलं.

"कांदे चिरायचेत," मी म्हटलं. हातात कांदा नव्हता.

पुढच्या आठवड्यात धाकटी सुटीला आली. बॅग ठेवली आणि थेट परसात. मी मागोमाग गेले. तिनं वाळलेल्या ढिगातून एक कंदील उचलला, कवच सोलून आतलं सुरकुतलेलं फळ पाहिलं.

"ताई, ही रसभरी आहे."

"मी तेच म्हणत होते."

"माझ्याकडे आलेलं पान याचं नव्हतं."

"मग कशाचं होतं?"

"ते मी तुला विचारतेय."

मी तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिला तेवढं पुरलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार, बाबांना हाक मारणार. मी तयार होते. खरं तर वाट बघत होते. निदान भांडताना तरी आम्ही दोघी बरोबरीच्या झालो असतो.

तिनं कंदील फेकून दिला. जेवताना म्हणाली, "बाबा, चूक झाली माझी. ती रसभरी होती. वाळल्या पानावरून फसले."

मी बाबांकडे पाहत राहिले. बाबा आधी गोंधळले, मग हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला.

"अगं, चुकल्याशिवाय कोणी शिकतं का! खरी पंडित तू. कबूल करायला छाती लागते." आणि तिच्या पाठीवर थाप मारली. मग मला म्हणाले, "भात वाढ गं तिला."

मी भात वाढला. ताईचं खरं होतं, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. पाप माझं आणि पाठीवर थाप तिच्या.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. पुस्तकं शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला 'आमच्या पंडितची पहिली चूक' ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगायचे. तिच्यात मी नसायचेच. शिंपीणकाकू मुलाकडे राहायला गेल्या, शेवटपर्यंत ती वांगीच होती म्हणायच्या. धाकटी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली, तिथली प्रमुख होऊन निवृत्त झाली. मी दवाखान्याच्या खिडकीवर तेहेतीस वर्षं काढली, लग्न केलं नाही, या घरातच राहिले. भिंतीलगत पुन्हा ती रोपं आली नाहीत.

धाकटीनं मला त्यावरून आयुष्यात एकदाही टोमणा मारला नाही. मी मात्र प्रत्येक भेटीत त्याची वाट पाहायचे.

गेल्या वर्षी ती नातीला घेऊन आली होती. हल्ली तिचं विस्मरण वाढलंय, कालचं आज आठवत नाही. परसात खुर्ची टाकून बसली आणि नातीला रसभरीची गोष्ट सांगायला लागली. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं पान, तिनं केलेली चूक, बाबांचा ठसका. मधेच म्हणाली, "माझी आई होती ना, ती कपाळावर कवच फोडायची." मी कधीतरी तिला सांगितलं असणार. आता ते तिचंच झालं होतं.

ते माझं आहे म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण नात डोळे विस्फारून ऐकत होती, आणि आईचा कवच फोडणारा हात धाकटीनं असा काही करून दाखवला की मला तो तसा कधी दाखवता आला नसता. मी उठून आत गेले आणि चहा टाकला.