रुखवतातला लॅपटॉप

माझ्या विहीणबाई, सुरेखाताई, ठाण्याला राहतात. मी सध्या ऑकलंडला, फ्लॅट बुश उपनगरात मुलाकडे. नातीचा, इरावतीचा डबा मी भरते, तिची वेणी मी घालते, तिचे ओले बूट हीटरपाशी मी ठेवते. आणि ती लाडात येते कुणासमोर, तर टॅबलेटसमोर! कारण त्यात ठाण्याची आजी दिसते. मला हेवा वाटतो. या वयात शोभत नाही, पण वाटतो.

हे दुखणं जुनं आहे. माझ्या यशोधनच्या लग्नात निवेदिताकडच्यांनी रुखवत मांडलं होतं. मुलगा आयटीतला, म्हणून सुरेखाताईंनी त्यात चक्क लॅपटॉप ठेवला. नानकटाईची बटणं, चॉकलेटच्या वडीचा स्क्रीन, शेजारी खव्याचा माउस. अख्खं कार्यालय तिथे गोळा झालं. "विहीणबाईंच्या हातात काय कला आहे हो!" हे इतक्या वेळा ऐकलं की मला जेवण गेलं नाही. मुलाची आई मी, आणि मिरवल्या त्या.

आता इरावतीच्या शाळेत टेक वीक आला. प्रत्येकानं तंत्रज्ञानाशी संबंधित एखादा गोड पदार्थ स्वतः शोधून काढायचा, घरी करायचा आणि वर्गात सगळ्यांनी वाटून खायचा. मी लगेच रव्याच्या लाडवांचा रोबो सुचवला. डोळ्यांना मनुका, कानांना लवंगा.

नातीनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "इट्स क्यूट, आजी. बट आय वॉन्ट द लॅपटॉप. मम्मीच्या वेडिंग फोटोतला. आणि त्याला वाय-फाय पण." वाय-फाय म्हणजे जेली स्नेक्स, जेलीचे ते गोड साप, कमानीसारखे वाकवून स्क्रीनवर चिकटवायचे, ही तिची स्वतःची भर. एवढं सांगून तिनं ठाण्याला कॉल लावलासुद्धा.

रविवारची दुपार होती. यशोधन आणि निवेदिता सामान आणायला गेलेले. टॅबलेट कणकेच्या डब्याला टेकवलेला, त्यात सुरेखाताई. ठाण्यात सकाळ, त्यामुळे केसांना टॉवेल. परात माझ्यासमोर, हात माझे, आणि सूचना त्यांच्या.

"तूप छान पातळ करून घ्या, विहीणबाई, आणि ओता मैद्यात."

मी थबकलेच. नानकटाईला तूप थिजलेलं लागतं, ते हातानं फेसून फेसून पांढरंशुभ्र करावं लागतं. पातळ तुपानं ती पसरते. "अहो, पसरेल ती," मी म्हटलं.

"आजी, जस्ट डू व्हॉट शी सेज. प्लीज! शी इज द एक्स्पर्ट."

एक्स्पर्ट! माझ्या मस्तकात तिडीक गेली. पन्नास वर्षं नानकटाई करतेय मी. पण म्हटलं, घाला म्हणतात ना, मग घाला. पसरू दे. होऊ दे एकदाची शोभा. मी तूप पातळ केलं आणि ओतलं.

इरानं चौकोनी बटणं केली, टूथपिकनं एकेक अक्षर कोरलं, जीभ बाहेर काढून, मन लावून. ट्रे ओव्हनमध्ये गेला, आणि व्हायचं तेच झालं. बटणं एकमेकांत वितळून गेली, अक्षरं गायब. ट्रेभर एकच सपाट पोळा.

इरा हमसून हमसून रडायला लागली. माझी मजा तिथेच संपली. तिला मी तोंड धुवायला पाठवलं.

"गेली का ती?" टॅबलेटमधून आवाज आला. "विहीणबाई, तो लॅपटॉप मी केलाच नव्हता. आमच्या इथल्या एका बाईंकडून ऑर्डर देऊन करून घेतला होता. मला नानकटाई येत नाही."

इतकी वर्षं मी एका ऑर्डरवर जळत होते! मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. इराला हाक मारायला मी तोंड उघडलंसुद्धा.

"तिला सांगू नका हो," त्या म्हणाल्या. टॉवेल सुटून मानेवर आला होता, तो त्यांनी सावरला नाही. "हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टर मला विमानात बसू देत नाहीत. तुम्ही तिच्याजवळ आहात. तिच्यापाशी माझं म्हणून तेवढं एकच आहे."

इरा परत आली. नाक लाल, पापण्या ओल्या. "ठाण्याची आजी, तुझं पण असं झालेलं? हाउ डिड यू फिक्स इट?"

सुरेखाताईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी सुरी उचलली. "अगं, त्यांनी मला आत्ताच सांगितलं," मी म्हटलं. "गरम आहे तोवरच कापायचं. चल, धर पट्टी." सांगताना जिवावर आलं होतं, पण सांगितलं.

गरम पोळ्यावर पट्टी धरून आम्ही उभ्या-आडव्या रेघा कापल्या. बटणं सुटी झाली, पहिल्यापेक्षा सारखी. निवताच इरानं आयसिंगच्या पेननं अक्षरं काढली, चॉकलेटची वडी मागे उभी केली, त्यावर हिरवे-लाल साप वाकवले. खरंच लॅपटॉप दिसायला लागला. कडेचे तुकडे आम्ही दोघींनी खाल्ले.

"स्वीट अ‍ॅज!" इरा इथल्या पोरांच्या भाषेत 'झकास' म्हणून ओरडली आणि वळली. मी हात पुसून पुढे केले होते. ती माझ्या शेजारून टॅबलेटकडे धावली. "यू आर अ जीनियस, आजी!" म्हणत तिनं टॅबलेटच्या वरच्या कडेलाच तुपकट ओठांनी मोठ्ठा पापा घेतला आणि खोका आणायला गराजमध्ये पळाली.

मी पुढे केलेले हात खाली घेतले. मग फडकं घेतलं, कारण काचेवरचे तुपाचे डाग पुसायलाही मीच. पापा नेमका कॅमेऱ्यावर उमटला होता.

"विहीणबाई," सुरेखाताई म्हणाल्या, "मला इकडे सगळं धुरकट दिसतंय. तुम्हीसुद्धा दिसत नाही."

"पुसतेच आहे," मी म्हटलं.

"नको ना. राहू दे थोडा वेळ."