निम्म्याचा निकाल

रंजिता करारांच्या कायद्यात दोनदा नापास झाली होती. आता शेवटची संधी. यात गेली तर नियमाप्रमाणे कॉलेजातून नाव कटणार होतं, आणि गावात, निंबोल्यात, तिला 'वकिलीणबाई' म्हणून चिडवणाऱ्यांचं फावणार होतं. गंमत अशी, की पोरगी अभ्यासात कच्ची नव्हती. कलमं झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेल. मग घोडं कुठे पेंड खातंय, ते ना तिला कळत होतं ना घरच्यांना.

बुऱ्हाणपूरच्या त्या लॉ कॉलेजात अशा मुलांसाठी दुपारी एक वर्ग भरायचा. दारावर 'शैक्षणिक सहायता केंद्र' अशी भारदस्त पाटी होती, पण पोरं त्याला 'कमजोरवाली क्लास' म्हणायची. त्यामुळे जो तो शेजारच्या वाचनालयात निघाल्याचा आव आणून तिकडे वळायचा. रंजिता सुरुवातीला खरोखरच वाचनालयात बसून परत आली. मग एकदा मनाचा हिय्या करून आत शिरली.

हा वर्ग स्नेहल मॅडम घ्यायच्या. सकाळी कोर्टात वकिली, दुपारी कॉलेज. बाई फटकळ, पण पोरगं नापास झालं की स्वतःच नापास झाल्यासारखी चिडायची. त्यांनी रंजिताच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या नकला काढून घेतल्या आणि वाचू लागल्या. व्याख्या बरोबर, कलमं बरोबर, अक्षरही बरं. मग त्या एका प्रश्नावर थांबल्या. 'अ'ने 'ब'ला माल विकायचं कबूल केलं आणि ऐनवेळी तिसऱ्यालाच विकला, तर जबाबदार कोण? सगळा कायदा नीट मांडून रंजिताने शेवटी हिंदीत लिहिलं होतं, 'दोनों पक्ष मिल-बैठकर आधा-आधा नुकसान सह लें.' पुढच्या प्रश्नातही तेच. एका ठिकाणी तर तिने सरळसरळ फसवणूक करणाऱ्यालाही निम्म्यावर सोडून दिलं होतं.

मॅडम आधी पोटभर हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी पंचायत कोण करतं?"

"आबा," रंजिता म्हणाली.

तिचे वडील कडूभाऊ. त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं, पण बांधाची, पाण्याची, केळीच्या सौद्याची भांडणं त्यांच्याच ओट्यावर यायची. कडूभाऊ दोघांचं ऐकून घ्यायचे, एकच कप चहा मागवायचे आणि तो दोन बशांत ओतून दोघांपुढे ठेवायचे. नुकसानही तसंच, निम्मं याने सोसायचं, निम्मं त्याने. "गाव सोडून कोनी जानार हाय का? मंग कोनाले चुकला म्हनायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या घरात वाढलेल्या रंजिताने 'हा चुकला' असा निकाल जन्मात ऐकला नव्हता. तिला वाटायचं, निकाल म्हणतात तो यालाच.

"परीक्षकाला तुझ्या आबांच्या बशीतला चहा नकोय," मॅडम म्हणाल्या. "त्याने विचारलंय जबाबदार कोण. एकाचं नाव घ्यायचं. बस."

सांगायला सोपं होतं. मॅडमनी वर्गातल्या मोहितला 'अ' केलं आणि रंजिताला न्यायाधीश. मोहित पक्का नाटकी. हात जोडून म्हणाला, "मॅडमजी, मेरी मजबूरी थी, घर में शादी थी." रंजिताचा जीव लगेच कालवला. "मग ब ने थोडं समजून घ्यावं," ती म्हणाली. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. रोज हेच. 'अ चुकला' एवढे दोन शब्द तिच्या जिभेवर येईनात. तिला स्वतःचाच राग यायचा, कधी रडूही यायचं.

परीक्षा तोंडावर आली आणि नेमका ओट्यावर एक तंटा आला. या वेळी तो घरचाच होता. रंजिताच्या भावाने, योगेशने, केळीचा बाग पंडित नावाच्या व्यापाऱ्याला दिला होता. भाव ठरला, कटाईचा दिवस ठरला. पंडितची गाडी आणि मजूर बांधावर आले, तर बाग आदल्याच दिवशी कापून दुसऱ्या व्यापाऱ्याला गेलेला. त्याने भाव वाढवून दिला होता, एवढंच.

पंडित ओट्यावर येऊन बसला. चार माणसं जमली. कडूभाऊंनी चहा मागवला, पण बशीत काही ओतेनात.

"पोरगा माझा हाय," ते म्हणाले. "म्या बोललो त लोक म्हनतीन घरचं पाहिलं. रंजी, तू सांग. तू कायदा शिकतेस ना?"

योगेश आरामात बसला होता. बहीण काय सांगणार, ते त्याला ठाऊक होतं. पंडितलाही ठाऊक होतं. तो बिचारा म्हणाला, "आधं गाडीभाडं दिलं तरी चालंन, ताई. झगडा नको."

रंजिताने तोंड उघडलं, ते 'दोघांनी' म्हणायलाच. पण पंडितकडे पाहिलं आणि शब्द अडकला. या माणसाने केलं काय होतं? ठरल्या दिवशी गाडी आणली होती. मग निम्मं त्याने का सोसायचं?

"दादा चुकला," ती म्हणाली. "गाडीभाडं, मजुरी, पंडितभाऊचं झालेलं सगळं नुकसान दादानं भरायचं."

आतून माय, मालूबाई, धावत बाहेर आली. "सख्ख्या भावाले असं बोलतेस?" योगेश उठून चपला घालून निघून गेला. कडूभाऊंनी चहाचा अख्खा कप पंडितपुढे सरकवला आणि सगळं भरून देतो म्हणून शब्द दिला. तो त्यांनी पाळलाही.

योगेश बहिणीशी बोलेनासा झाला. एरवी परीक्षेला तोच मोटरसायकलवर सोडायचा. त्या सकाळी तो उजाडताच शेतात निघून गेला. रंजिताला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावा असं काही वाटलं नाही. मग कडूभाऊच तिच्याबरोबर बसने बुऱ्हाणपूरला आले आणि कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले.

पेपरात व्यवहाराचे तीन प्रश्न होते. तिन्हींत तिने एकेकाला जबाबदार धरलं, कलम लावलं आणि पुढे गेली. पेन कुठे अडला नाही. बाहेर आली तेव्हा हलकं वाटत होतं.

"कसा गेला?" कडूभाऊंनी विचारलं.

"चांगला. जो चुकला त्याचं नाव लिहिलं."

त्यांनी टपरीवाल्याचे पैसे चुकते केले. मग म्हणाले, "रंजी, पंडित काही न करता निम्मं सोसायले तयार होता. असे कितीक लोक माझ्या ओट्यावरून गेले असतीन. काही चूक नसताना निम्मं घेऊन गेले. म्या चुकलो का?"

आबांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. गावात त्यांच्यामुळे कधी डोकी फुटली नव्हती. हे सगळं सांगावं, थोडं इकडे थोडं तिकडे करावं, असं तिला पार आतून वाटलं. पण विचारणारे आबा होते, आणि त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"हो, आबा," ती म्हणाली. "चुकला तुमी."

कडूभाऊंनी मान हलवली. डोळे पुसले.

"मंग झालीस तू पास," ते म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन बसस्टँडकडे चालू लागले.