थोरल्यांनी नाकारलेला आडोसा

मी एक जुना, घडी होणारा लाकडी आडोसा आहे. तीन चौकटी, चार बिजागऱ्या आणि चौकटींवर ताणून बसवलेले जाड हिरवे कापड, एवढाच माझा संसार. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण आपण काय काय पाहिले ते सांगतात. माझे उलट आहे. मी काय पाहू दिले नाही, याचा मला अभिमान आहे, आणि तो मी मुळीच झाकून ठेवणार नाही.

एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी सुताराने मला घडवले. बाईंनी त्याला बजावले होते, "खाली फट ठेवू नका. नुसते पाय दिसले तरी माणूस ओळखू येतं."

"मग केर कसा काढणार?" सुतार कुरकुरला.

"आडोसा उचलून!"

म्हणूनच मी जमिनीला टेकलेला आहे आणि वजनाने हलकाही आहे. दवाखान्यात भल्याभल्यांनी माझ्यामागे सदरे उतरवले. बाहेर रुबाबात बोलणारी माणसे आत येताच लहान मुलांसारखी लाजत, आणि परत बाहेर पडताना उगाच घसा खाकरत. प्रामाणिक माणसाला आडोसा कशाला हवा, असा आक्षेप माझ्यावर वारंवार घेतला जातो. त्याचे उत्तर मला तिथेच सापडले. पाठीवरचे गळू दाखवायला येणारा माणूस चोर नसतो. आपले दुखणे कुणाला दाखवायचे, हे ठरवण्याचा अधिकार तेवढा त्याला हवा असतो.

पुढे बाईंनी दवाखाना बंद केला आणि मला नगरपालिकेच्या सभागृहाला देऊन टाकले. तिथे माझी किंमत कुणाला नव्हती. माझ्यावर ओल्या छत्र्या टांगल्या, मोडकी बाके रेलून ठेवली. एका नाटकात तर मला किल्ल्याची भिंत केले आणि शत्रूने लाथ मारून पाडले! परंतु निवडणूक आली की माझी धूळ झटकली जाई. माझ्यामागे एक लहान टेबल आणि त्यावर शिक्का ठेवत. घरात, दुकानात, कचेरीत ज्यांना सदैव कुणी ना कुणी सांगणारे असे, ती माणसे तेवढा वेळ माझ्यामागे एकटी उभी राहत आणि आपल्या मनाने शिक्का उमटवत. यापेक्षा मोठा मान लाकडाला मिळत नसतो.

दर निवडणुकीत नगराध्यक्ष म्हणून एकच गृहस्थ निवडून येत. सारे गाव त्यांना 'थोरले' म्हणे. त्यांनी घरोघर नळ आणले होते, रस्ते बांधले होते. त्यामुळे सुरुवातीच्या त्यांच्या विजयांत नवल नव्हते. पण खुर्ची जुनी झाली तशी कामे मागे पडली, आणि कौतुक तेवढे पुढे राहिले.

गेल्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी माझे कापड एका कोपऱ्यात उसवलेले आढळले. नगरपालिकेच्या जिन्याखालच्या गाळ्यात शिवणकाम करणाऱ्या शिंपीणबाईंना बोलावणे गेले. टाके घालता घालता त्या मतदान केंद्र सांभाळणाऱ्या गणिताच्या बाईंना म्हणाल्या, "माझ्या गाळ्याचा परवाना थोरल्यांच्या सहीवर चालतो. आणि माझ्या सासऱ्यांचा पाय थोरल्यांच्या उघड्या गटारात मोडला. आता उद्या मत कुणाला द्यावं, सांगा बाई."

"मला अजिबात सांगू नका, आणि विचारूही नका," गणिताच्या बाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर हे शिवताय तुम्ही."

शिंपीणबाईंनी मग तो कोपरा दुहेरी शिवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले मत द्यायला थोरले आले. गणिताच्या बाईंनी त्यांना मतपत्रिका दिली आणि माझ्याकडे हात केला. थोरले जागीच थांबले.

"माझं कसलं आलंय गुपित, बाई?" असे म्हणून त्यांनी माझ्यामागचा शिक्का मागवून घेतला, कारकुनाच्या टेबलावर सर्वांदेखत आपल्याच चिन्हावर उमटवला आणि कागद चारी बाजूंना दाखवला. टाळ्या पडल्या.

"साहेब, नियमाप्रमाणे..." बाई म्हणू लागल्या.

"नियम लाजणाऱ्यांसाठी असतात!"

सभागृह हसले. मागचा माणूस लगेच म्हणाला, "थोरल्यांना चालतं, तर मला का नाही?" बाईंनी पुन्हा माझ्याकडे हात केला, पण तिकडे कुणी वळले नाही. पाहता पाहता सगळेच कारकुनाच्या टेबलावर शिक्का मारू लागले. दाराशी थोरल्यांचा चिटणीस खुर्ची टाकून बसला होता आणि ज्याला त्याला हसून मान डोलावत होता. एक वयस्क गुरुजी शिक्का उचलून माझ्या दिशेने पाऊल टाकणार, तोच तो म्हणाला, "काय गुरुजी, कुठं दुखतंय का?" पुन्हा हशा. गुरुजी मागे फिरले, आणि त्यांचे मतही टेबलावरच पडले.

मित्रांनो, मला कुणी पाडले नव्हते, हलवलेही नव्हते. मी जिथल्या तिथे उभा होतो, आणि तरी मी उरलो नव्हतो. जो माझ्यामागे जाईल तो थोरल्यांच्या विरोधात, असा अर्थ आता माझ्यावर येऊन चिकटला होता. आडोसा सर्वांनी वापरला तरच तो आडोसा असतो. एकट्याने वापरला तर तोच बोट दाखवतो.

रांगेत शिंपीणबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. आत जावे तर गाळा जाणार, टेबलावर जावे तर मत जाणार. त्यांच्या पुढे एकच व्यक्ती उरली होती: थोरल्यांची मोठी बहीण. तिला अवघे गाव आत्या म्हणे. भाऊ व्हरांड्यातून लगबगीने तिला आधार द्यायला आला.

"ये ताई, इथंच टेबलावर मार शिक्का. तेवढंच चालणं वाचेल."

आत्यांनी काठी टेकली आणि माझ्याकडे पाहिले. "हे कशासाठी ठेवलंय, बाई?"

"मत देण्यासाठी, आत्या."

"मग तिथंच देते की."

"अगं ताई, माझ्यापासून काय लपवायचंय तुला?"

"धाकट्या, तुझी दुपटी धुतलीत मी. तुझं काही लपलेलं नाही माझ्यापासून. माझं थोडं राहू दे."

ज्यांना गाव थोरले म्हणे त्यांना भर सभागृहात 'धाकट्या' म्हटलेले ऐकून कुणाला हसावे की गप्प राहावे ते कळेना. आत्या शिक्का घेऊन माझ्यामागे आल्या आणि निवांत उभ्या राहिल्या. त्या तिथे किती वेळ होत्या हे मी सांगणार नाही. शिक्का कुठे उमटला हे तर नाहीच नाही. बाहेर चिटणिसाला मात्र नजर कुठे ठेवावी ते सुचत नव्हते.

घडी केलेला कागद पेटीत पडला. थोरल्यांनी हसत, पण जरा हळू आवाजात विचारले, "ताई, मलाच दिलंस ना?"

"सांगायचंच असतं तर आत कशाला गेले असते?" आणि रांगेकडे वळून त्या म्हणाल्या, "आत ऐसपैस जागा आहे गं. शिक्का आतच ठेवलाय मी. जरा दाबून मारा म्हणजे झालं."

शिंपीणबाईंनी मतपत्रिका घेतली. चिटणिसाने तोंड उघडले, पण त्याआधीच त्या म्हणाल्या, "थोरल्यांच्या ताईंना चालतं, तर मला का नाही?" आणि त्या सरळ माझ्यामागे आल्या. त्यानंतर मतदान संपेपर्यंत कारकुनाचे टेबल मोकळे राहिले.

निकाल लागला. थोरले पुन्हा निवडून आले, तेही मोठ्या फरकाने. लगेच गावात कुजबुज सुरू झाली. इतर केंद्रांवरचे आडोसे दिवसभर भिंतीला टेकवून ठेवले होते, असे लोक म्हणू लागले. विरोधकांनी तक्रार केली. चौकशीत गणिताच्या बाईंनी आमच्या केंद्रावरची हकीकत, सकाळच्या उघड्या मतांसकट, जशीच्या तशी सांगितली. चौकशी अजून चालू आहे.

निकाल खोटा होता, असे मी म्हणणार नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही. तो खरा होता असेही म्हणणार नाही, कारण तसाही पुरावा कुणाकडे नाही, अगदी थोरल्यांकडेसुद्धा नाही. उघड्यावर पडलेल्या त्या मतांत किती प्रेमाची होती आणि किती भीतीची, हे त्यांना आता कधीच कळणार नाही. कदाचित पुष्कळ मते प्रेमाचीच असतील. पण ते सिद्ध करू शकणारा एकमेव साक्षीदार मी होतो, आणि मला त्यांनी स्वतःच नाकारले.

शिंपीणबाईंच्या परवान्यावर मात्र यंदाही सही झाली. न करायला थोरल्यांपाशी कारणच नव्हते. मित्रांनो, या एका सहीचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचा नाही.

तुम्ही मोठे व्हाल, मत द्यायला जाल. तिथे माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात घडी करून ठेवलेला दिसला, तर त्याला उलगडून उभा करायला सांगा. आणि तुमच्याकडे लपवण्यासारखे काही नसेल, तर तुम्ही सर्वांत आधी आत जा. रांगेत तुमच्या मागे कोण उभे आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते.