तामीतनं बापाची होडी अडवली

मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलताना कोणाची जीभ अडखळत नाही. पन्हेसीची रंगवलेली पेटी नदीकाठी आणून ठेवली आणि वरच्या गावातल्या एकेकाच्या तोंडाला नुसतं पाणी सुटल्यासारखं कौतुक सुटलं. "काय देवमाणूस होता हो!" "मुंगीचंसुद्धा मन दुखवलं नाही कधी!" तामीत वाळूत आईशेजारी बसून ऐकत होती. बापासाठी तिचा जीव तुटत होता, आणि त्याच वेळी तिला या लोकांच्या तोंडावर चिखल फेकावासा वाटत होता. मुंगीचं नसेल दुखवलं मन. खालच्या गावाचं काय?

पन्हेसी वरच्या गावाचा मुखिया. तामीत त्याची धाकटी लेक, खालच्या गावात दिलेली. गावं दोन असली तरी पाणी एकच. नदीला पूर आला की आधी वरच्या गावाच्या शेतांत पाणी शिरायचं, बांधांच्या आत तुंबून राहायचं, माती पिऊन पिऊन सुस्त व्हायची, गाळ खाली बसायचा. मग दोन्ही गावांच्या मधल्या बांधाचं तोंड उघडायचं की तेच पाणी खाली. आजे-पणजे याच रीतीनं जगले. कोणी कोणावर उपकार केले नाहीत.

यंदा पुराच्या देवानं, हापीनं, हात आखडता घेतला. पूर आला तो आजाऱ्यासारखा, रांगत रांगत. पन्हेसीनं ते पाहिलं आणि मधल्या बांधाचं तोंड बोरू आणि चिखल ठोकून बुजवून टाकलं. "आधी आपलं बघा," म्हणाला. पुढे चारच दिवसांत जेवता जेवता आडवा झाला तो उठलाच नाही. मढं टिकावं म्हणून त्याला नेऊन मिठात ठेवला. तो मिठात सुकत होता तेवढे सगळे दिवस वरच्या गावात पाणी उभं होतं, त्यात बदकं पोहत होती, आणि खालच्या गावात जमिनीला अशा भेगा पडल्या की शेळीचा पाय अडकून मोडावा.

आता वरची शेतं पिऊन तृप्त झाली होती. पण नवा मुखिया, तामीतचा थोरला भाऊ नख्त, पाणी सोडायला तयार नव्हता. त्याला जवसाला अजून ओल हवी होती, आणि ते तळं दारासमोर बरंही दिसत होतं म्हणे! पेरणीचे दिवस तर हातातून निसटत चाललेले. पाणी आज-उद्यात खाली आलं तर भिजेल, पेरता येईल. नाही आलं तर वर्ष गेलं. खालच्या गावात लोकांनी बोचकी बांधायला घेतली होती. तामीतच्या सासूनं परवा बियाणाच्या रांजणात हात घातला होता आणि पोरांसाठी जव दळले होते. दळताना म्हातारी रडत होती.

तामीत भावाकडे जाऊन जाऊन थकली. प्रत्येक वेळी त्याचं एकच. "आबांचा शब्द आहे, तामी. मेलेल्या बापाचा शब्द मी कसा मोडू?"

पाणी हवं होतं तुला, आणि पुढे केलंस मेलेल्या बापाला! ही गोष्ट तिच्या मनात जी रुतली ती निघेना.

पेटी पलीकडच्या तीरावर न्यायची होती, पश्चिमेला, जिथे सगळे मेलेले जातात. होडी तयार होती. भाड्यानं आणलेल्या रडणाऱ्या बाया डोक्यावर चिखल थापून मन लावून रडत होत्या. दोन्ही गावांतली म्हातारी माणसं वाळूत अर्धवर्तुळ करून बसली होती, कारण तशी रीत होती. मेलेल्यानं आयुष्यात काय केलं नाही ते पुजारी सगळ्यांसमोर म्हणून दाखवतो आणि मग विचारतो, याच्याविरुद्ध कोणाचं काही आहे? गुन्हा शाबीत झाला तर होडी सुटत नाही. जे बिघडवलं ते निस्तरेपर्यंत मढं घरी, भिंतीला टेकून उभं. आणि आरोप खोटा निघाला तर बोलणाऱ्याच्या पाठीवर छड्या. पण बोलतंय कोण! हयात माणसांपैकी कोणी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. त्या वेळात बाया पोरांची नाकं पुसायच्या आणि बाप्ये भाकऱ्यांच्या टोपल्यांकडे बघत बसायचे.

पुजारी कारो घसा खाकरून सुरू झाला. "पन्हेसीनं चोरी केली नाही. पन्हेसीनं माप खोटं केलं नाही. पन्हेसीनं कोणाला रडवलं नाही. हंगामाचं पाणी अडवलं नाही. वाहत्या पाण्याला बांध घातला नाही."

ही वाक्यं सगळ्यांच्याच मढ्यावर म्हणतात. पण आज अर्धवर्तुळात खालच्या गावाची जी म्हातारी माणसं बसली होती त्यांनी माना खाली घातल्या. वरच्या गावाच्या एकाचीही पापणी हलली नाही.

"याच्याविरुद्ध कोणाचं काही आहे?" कारोनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता होडीकडे वळला.

"माझं आहे," तामीत म्हणाली.

रडणारी एक बाई हातात चिखलाचा गोळा घेऊन तशीच थांबली. कारोला वाटलं पोरगी दुःखानं बरळतेय. "बस बाळ, बस. पाणी द्या रे हिला."

"पाणीच द्या म्हणते मी!" तामीत उठून उभी राहिली. "बुवा, शेवटचं जे म्हणालात ते परत म्हणा. इकडे माझ्याकडे बघून म्हणा."

नख्त धावतच आला. "तामी, लाज आहे का? बापाची पेटी समोर आहे!"

"म्हणून तर बोलते. उद्या बोलून काय उपयोग?"

"बापाची लेक आहेस की वैरीण?"

"वैरीण असते तर गप्प बसले असते दादा, भाकरी खाल्ली असती, घरी गेले असते. तिथे मेलेल्याचं काळीज तोलतात त्या तराजूपाशी हे खोटं पकडलं गेलं तर ती मगरीच्या तोंडाची बया आबांना गिळून बसेल. मग आबा कायमचे मेले! तुला चालेल. मला नाही चालणार."

"काही पकडलं जात नाही," नख्त दात आवळून हळूच म्हणाला. पण काठावर इतकी शांतता पसरली होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं. "छातीवर हिरव्या दगडाचा भुंगा ठेवलाय, मंत्र कोरून. चांगला शहरातून आणलाय. आबांचं काळीज तिथे ब्र काढणार नाही."

"काळजाचं तोंड बांधलंस," तामीत म्हणाली. "माझं कोण बांधणार?"

खालच्या गावाकडून कोणीतरी खिक् करून हसलं आणि लगेच खोकलं.

सेनबी म्हणून एक म्हातारा मधोमध बसला होता, वरच्या गावचाच. त्याचंही शेत या पाण्यात भिजलं होतं आणि तो ते विसरलेला नव्हता. दाढेखाली काहीतरी चघळत तो म्हणाला, "पोरी, नुसतं बोलून भागत नाही. बांधाचं तोंड पुरानं बुजलं असेल. गाळ येतो, बोरू वाहून येतात. पन्हेसीनंच हुकूम दिला याला साक्ष कोणाची? साक्ष नसेल तर तुझी पाठ आहे आणि आमची छडी आहे. कोण होतं तेव्हा?"

अख्खं गाव होतं. ज्यांनी चिखलाच्या पाट्या वाहिल्या ते तिथेच उभे होते, त्यांच्याच खांद्यावरून पेटी आली होती. तामीतनं एकेकाकडे पाहिलं. ज्यांच्या अंगाखांद्यावर ती खेळली, ज्यांना काका-मामा म्हणून हाका मारल्या, ते सगळे आपापल्या पायाची बोटं बघत होते.

"बोला की!" ती ओरडली. "आता कुठे गेली वाचा? मघाशी तर कौतुक मावत नव्हतं तोंडात!"

नख्तनं छडीवाल्याला खूण केली. तामीतनं ते पाहिलं आणि स्वतःच पाठ फिरवून उभी राहिली. "मार. दमलास की दुसरा बोलाव. छडीनं माझं शेत भिजणार नाही आणि आबांचं खोटं खरं होणार नाही."

"मी होते," आई म्हणाली.

ती वाळूतून उठलीही नाही. केसांत चिखल, आवाज बसलेला. "मी कणीक मळत होते. यांनी माणसं बोलावली, म्हणाले, तोंड बुजवा. मी म्हटलं, अहो, पोरगी खाली दिलीय आपली. तिची पोरं आहेत तिथे. तर म्हणाले, पोरगी आता त्यांची."

एवढा वेळ तामीतनं धरून ठेवलं होतं ते सगळं सुटलं आणि ती उभ्या उभ्या हुंदके देऊन रडायला लागली. तिला वाटत होतं, आबांच्या डोक्यात आपण आलोच नसू. म्हातारा माणूस, घाबरला, विसरला. विसरला नव्हता तर! नाव निघालं होतं तिचं, आणि तरीही बुजवा म्हणाला होता. छड्या खाल्ल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

सेनबीनं चघळणं थांबवलं. बायकोनंच साक्ष दिल्यावर त्याला पळवाट उरली नाही. त्यानं दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, एकेकानं मान हलवली, खालच्यांनी आधी आणि वरच्यांनी नाइलाजानं. "होडी सुटणार नाही," तो म्हणाला. "पन्हेसीला घरी न्या."

"नेतो!" नख्त भडकून म्हणाला. "राहतील आबा भिंतीशी उभे. मुखिया मी आहे, बांध माझा आहे. उचला रे!"

माणसांनी पेटी उचलली. तेवढ्यात आई पुढे येऊन पेटीला आडवी झाली. "घरी नाही," ती म्हणाली. "रोज उठून मी यांच्या तोंडाकडे बघायचं? बांधावर न्या."

"आई, तू यात पडू नकोस."

"मी पडले नाही रे, पाडली तुम्ही बापलेकांनी. गप उभा राहा." मग ती खांदेकऱ्यांकडे वळली. "ऐकू येत नाही का? तुमची मढी कधी जायची नाहीत पलीकडे?"

हे मात्र नेमकं लागलं. प्रत्येकाला कधीतरी त्याच वाळूत आडवं व्हायचं होतं, आणि आता एकदा रीत जागी झाली होती. पुढच्या खेपेला पेटीपाशी कोण उठून काय बोलेल याचा नेम नव्हता. खांदेकरी बांधाकडे वळले. रडणाऱ्या बाया रडायचं विसरून मागोमाग निघाल्या. वाटेत बाप्यांनी घराघरातून कुदळी काढल्या, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

पेटी बांधावर ठेवली. एका बाजूला आभाळ पडलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला तडकलेली जमीन. नख्त बुजवलेल्या तोंडावर जाऊन पाय रोवून उभा राहिला. "माझ्या अंगावरून काढा पाणी."

तामीतनं डोळे पुसले नाहीत, तशीच कुदळ उचलली आणि त्याच्या पायाच्या वीतभर अलीकडे पहिला घाव घातला. दुसरा घातला. चिखल वाळून दगड झाला होता. तिसऱ्या घावाला शेजारी आणखी एक कुदळ पडली, मग आणखी. बोरूंची मोळी उपसली गेली, खालून एक धार सुटली आणि नख्तच्या पायाखालचा बांध हलला. तो उडी मारून बाजूला झाला. पाणी वाट रुंद करत, चिखल तोडत, गुरगुरत खाली धावलं. खालच्या गावाची माणसं त्याच्यापुढे वेड्यासारखी पळत सुटली, कोणी हसत होतं, एक म्हातारा पाण्यात बसूनच राहिला.

"तुझं माहेर मेलं आजपासून," नख्त म्हणाला. "होडीत पाय ठेवू नकोस. पश्चिमेला तुझं कोणी नाही."

परत काठावर आल्यावर तामीतला खरंच होडीत घेतलं नाही. आईनं हात पुढे केला तर नख्तनं तो मागे ओढला. बिघडवलेलं निस्तरलं होतं; वल्ही पडली, पेटी घेऊन होडी प्रवाहाला लागली, आणि कारो आता काय म्हणावं याचा विचार करत बसला.

तामीत पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. पुढे ओढ होती, तिथे ती थांबली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली. दोन्ही तीरांवरच्या जित्यांना आणि मेलेल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"आबा! खोटं बोलू नका तिथे! विचारलं तर सांगा, बांध घातला मी, आणि फोडला माझ्या लेकीनं! माझ्या लेकीनं म्हणा, आबा!"