सातव्या घराच्या पुढे

हिलालच्या तळपायांविषयी सुरतेच्या डिंडोलीत जेवढं सांगतात तेवढं सगळं खरं मानायचं कारण नाही, पण अर्धं मानायला हरकत नाही. म्हणे, चोवीस लूम एकदम धडधडत असताना तो यंत्रमागांच्या शेडच्या, म्हणजे खात्याच्या, दारात चपला काढून उभा राहायचा आणि बोटांनी खूण करायचा, अकरा नंबरचा धोटा अडखळतोय. म्हणे, एकदा खानदेशातून येणारी गाडी उधना स्टेशनाला लागायच्या अर्धा तास आधी त्याला पायाला कळली आणि मेव्हण्यासाठी त्यानं चहा टाकायला लावला. मेव्हणा आला तेव्हा चहा तयार होता. दूध तेवढं फाटलं होतं. कुणी बनवून सांगितलं असतं तर दूध फाडलं नसतं, म्हणून ही गोष्ट खरी.

लूमच्या खात्यात माणसं बोलत नाहीत, ओठ हलवतात. एकतीस वर्षांत हिलाल ओठ असे वाचायला शिकला होता, जसं शाळेतलं पोर पाटी वाचतं. मागून कुणी येऊन उभं राहिलं की जमीन पायाला सांगते, आणि कारागीर वळून न बघता एकदा मान हलवतो. अर्थ एवढाच, की आलास, कळलं, थांब. करोनात सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली तेव्हा हिलालला वाटलं, आजाराच्या भीतीनं आख्खं सुरत हळू बोलायला लागलंय. त्यालाही त्यानं मान हलवली.

तर या हिलालनं चोपन्नाव्या वर्षी माउथ ऑर्गन विकत आणला.

"आते या वयमा बाजा वाजाडशात का?" त्याची बायको उषाबाई समोर येऊन म्हणाली. ती नेहमी समोर येऊनच बोलायची.

"उज्ज्वलासाठी शे," हिलाल म्हणाला.

उज्ज्वला त्याची थोरली. चार वर्षांपूर्वी तिला इच्छापोरला दिली, आणि त्या दिवसापासून ती बापाशी एक शब्द बोललेली नव्हती. वर्षातून एकदा, श्रावणात खानदेशी घरांत नारळाची कानबाई देवी बसते त्या रविवारी यायची. आईशी बोलायची, भावाशी बोलायची, कानबाईच्या नारळाला मळवट भरताना त्या नारळाशीसुद्धा बोलायची. बापाच्या पाया पडायची, तेवढंच. का, ते हिलालला कळेना. पुष्कळ आठवून त्याला स्वतःचा एकच गुन्हा सापडला. ती सहा वर्षांची असताना जत्रेत तिनं माउथ ऑर्गन मागितला होता आणि त्यानं पत्र्याची शिट्टी घेऊन दिली होती. माणसाला खरा गुन्हा ठाऊक नसला की तो हाताला लागेल तो धरून बसतो. यंदा कानबाईपुढे तिच्या आवडीचं गाणं वाजवायचं, मग ती काहीतरी बोलेल, निदान हसेल, असा त्याचा हिशेब होता.

मुलाच्या, चेतनच्या, मोबाइलवर एक गुरुजी सापडले. ते बोलत तोवर हिलालला सगळं समजायचं. वाजवायला लागले की दोन्ही हातांनी तोंड झाकून घ्यायचे. "शिकाडतस का लपाडतस?" हिलाल मोबाइललाच विचारायचा.

पहिले पंधरा दिवस एकाच फुंकरीत तीन-तीन स्वर निघायचे, भांडणाऱ्या जावांसारखे. मग ओठांचा चंबू बारीक करायला जमलं. चौथ्या घरात फुंकलं की सा, तिथंच श्वास ओढला की रे. चक्कर यायची, लाळ आत जायची, बाजा मांडीवर आपटून पुसावा लागायचा. पण स्वर दातांत, जबड्यात, पार कवटीपर्यंत लागत होते, आणि अंगाला लागलेलं हिलाल विसरत नसे. ज्येष्ठ संपेपर्यंत अर्धं गाणं बसलं.

उरलेलं अर्धं वर चढत होतं. सातव्या घराच्या पुढे बाजा मुका होता. नुसती हवा. दहा घरांच्या चाळीत शेवटच्या तीन बिऱ्हाडांना कुलूप. हिलाल चौकबाजारात गेला आणि ठाकोरभाईच्या दुकानात बाजा बदलून आणला. नवाही तसाच. पुन्हा बदलला. तिसराही तसाच.

चौथ्यांदा गेला तेव्हा ठाकोरभाईनं बाजा हातातून घेतला, कापडानं पुसला आणि स्वतः तोंडाला लावला. गाल फुगले. हिलाल वाट बघत राहिला. दुकानाच्या पायरीखाली एक कुत्रं झोपलं होतं. त्यानं कान टवकारले, उठून बसलं, आणि मान वर करून तोंडाचा आ केला. हिलालला ना बाजा ऐकू आला ना कुत्रं.

ठाकोरभाईनं बाजा खाली ठेवला. या धंद्यात त्यानं लूमवरची पुष्कळ माणसं बघितली असावीत. त्यानं ओठ सावकाश हलवले. "वाजुं सारुं छे, काका. कान बताडो." बाजा चांगला आहे, कान दाखवून घ्या.

हिलाल घरी आला तेव्हा उषाबाई कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडत बसली होती.

"माले आयकू येत नही," तो म्हणाला.

"हा."

"तुले माहीत व्हतं?"

"अकरा वरीसपाईन."

"मंग सांगं का नही?"

"दोनदा सांगं. तुम्ही मान हालाई." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. मग दुसरा शोधत राहिली. गव्हात दुसरा खडा नव्हता. "उज्ज्वलानी बी तुमले काही इचारं व्हतं," ती म्हणाली.

चार वर्षांपूर्वी, उज्ज्वलाची सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी हिलाल उंबऱ्यात बसून टेबलफॅनचं पातं बसवत होता. उज्ज्वला त्याच्या मागे येऊन उभी राहिली. समोर यायचा तिला धीर नव्हता. ती म्हणाली, "अप्पा, मला हा मुलगा नको. पण मी नाही म्हटलं तर चार लोकांत तुमची मान खाली जाईल का?"

जमिनीनं हिलालला सांगितलं, कुणीतरी मागे आलंय. त्यानं मान हलवली.

"आनि तू कोठे व्हतीस?" हिलालनं बायकोला विचारलं.

"चुलापाशी."

"तुले माहीत व्हतं मी आयकं नही."

उषाबाईनं सूप उचललं, झटकलं, पुन्हा खाली ठेवलं. "पोऱ्या चांगला दिखे," ती म्हणाली.

तो चांगला निघाला नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं घर चालत होतं, पण उज्ज्वलानं चार वर्षांत माहेरी एकदाही स्वतःच्या संसाराचं नाव काढलं नव्हतं.

हिलालनं बायकोला शिवी दिली नाही. कानबाई तोंडावर आली होती, गहू निवडायचे होते, आणि शिवी दिली तरी ती स्वतःला पुरती ऐकू येईल की नाही, याचीही आता खात्री नव्हती.

रविवारी उज्ज्वला आली. नारळाला मळवट भरला, नथ घातली, बापाच्या पाया पडली. दुपारी गल्लीतल्या बायका जेवायला उठल्या तेव्हा हिलालनं तिला उंबऱ्यात गाठलं. बाजा खिशातच होता.

"त्या दिवशी तू मागून बोललीस," तो म्हणाला. "मला ऐकू आलं नाही. कारागिराची मान आहे, पोरी, ती आपोआप हलते. मी हो म्हटलं नव्हतं."

उज्ज्वला कितीतरी वेळ त्याच्या कानांकडे बघत राहिली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, दोन केसाळ कान.

"म्हणजे तुम्ही ऐकलंच नाही?"

"नाही."

"आणि ऐकलं असतं तर?"

"मोडलं असतं. तिथल्या तिथं."

चार वर्षांनी ती बापाशी बोलत होती, आणि हिलाल एकेक शब्द तिच्या ओठांवरून उचलून घेत होता.

"मग मी चार वर्षं रागावले कुणावर?" तिनं विचारलं.

आत उषाबाई वाकून पत्रावळी मांडत होती. हिलालनं तिकडे बघायचं टाळलं.

"माझ्यावरच," तो म्हणाला. "ठेव ना राग. मी कुठं म्हणतो सोड."

"बहिऱ्यावर कसा ठेवू, अप्पा?" तिचा ओठ जरा वाकडा झाला. "तिकडं रोज सकाळी उठायचे ना, तेव्हा म्हणायचे, बापानं जाणूनबुजून ढकललंय, आता दाखवते जगून. तेवढ्यावर दिवस निघायचा. आता उद्या कशावर उठू?"

हिलालचा हात खिशाकडे गेला. "वाजवून दाखवू? अर्धंच येतं."

"नको."

ती आत गेली, आईच्या हाताखाली वाढायला लागली. बायका हसल्या, एकीनं तिच्या साडीचं काही कौतुक केलं. हिलालनं ते सगळं उंबऱ्यातून वाचलं. आपल्याबद्दल कुणी काही बोलत असेल तर तेही दिसावं म्हणून आज तो पहिल्यांदाच घराकडे तोंड करून बसला होता.

ऊन उतरल्यावर ती इच्छापोरला निघाली. पिशवी खांद्याला लावून ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, हनुवटी वर केली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "येते, अप्पा. तब्येत सांभाळा." रिक्षात शेजारी बसलेल्या कुणा परक्या, बहिऱ्या म्हाताऱ्याशी माणसं बोलतात, तसं.