मापाच्या पडद्याआड

“हात जरा वर, बाई,” म्हणत मी शिक्षिकाबाईंच्या छातीभोवती टेप धरली आणि नजर फळीवर गेली. रिळांना टेकवून नातीचा मोबाईल उभा. त्यात व्हिडिओ कॉलवर तिचा तो मित्र, डोळे फाडून बघतोय.

हातातलं अस्तर मी मोबाईलवर फेकलं.

“ए, कापड काढ!” आतून आवाज आला. “कोण आहे तिकडे?”

“तुझा काळ!” म्हणाले आणि मोबाईल पालथा घातला. नात धावत आली, मोबाईल उचलून बाहेर पळाली. बाईंना वाटलं, आमचं घरगुती भांडण. माप देऊन त्या गेल्या.

मग मी नातीला धरलं. “चाळीस वर्षं बायका या पडद्याआड निर्धास्त उभ्या राहतात. माझं नाक कापलंस!”

“विसरले गं आजी, बाई आत आहेत ते. तो दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला लावतो. बंद केला की म्हणतो, कुणाबरोबर आहेस? पासवर्डसुद्धा त्याच्याकडेच. सोडलं तर फोटो सगळ्यांना पाठवीन म्हणतो.”

“कसले फोटो?”

तिनं मान खाली घातली. चार बुकं शिकले नाही मी, पण एवढं कळतं. मीही मेली तिला वर्षभर म्हणत होते, किती काळजी करतो गं तुझी!

दुकानाचं नाव जाईल तर जाऊ दे, म्हटलं. रस्त्यात गाठून बाईंना सगळं सांगितलं. त्या लालबुंद झाल्या. मला वाटलं, आता तोंडात मारतात. पण परत आल्या, नातीशेजारी बसल्या. त्याचे धमकीचे मेसेज जपून ठेवायला लावले, पासवर्ड बदलायला लावले. मग तिघी पोलीस चौकीत गेलो. पोलिसांनी बोलावलं तेव्हा मोठ्या तोऱ्यात आला होता पोरगा, जाताना हात जोडत होता. त्याचा मोबाईल पोलिसांनी ठेवून घेतला. फोटो कुणाकडे गेले नव्हते. हुश्श झालं.

बाईंनी त्यानंतर कपडे मात्र माझ्याकडे शिवायला टाकले नाहीत. बरोबरच आहे.

काल नातीला दोरा आणायला पाठवलं. दहा मिनिटांचं काम, बया तासाभरानं उगवली. केस वाऱ्यानं विस्कटलेले, गुणगुणत.

“कुठे उलथली होतीस?” अगदी जिभेवर आलं होतं. पण असं तर तो विचारायचा.

“सुई ओवून दे गं,” म्हणाले.